मळे अवश्य दाखवावे. येळवस मात्र विकूं नये

खासगी बागा वर्षांतून एखादे दिवशीं सर्वांस खुल्या कराव्या, पाहावयास येणारांकडून अल्प शुल्क घ्यावें, आणि जमलेली रक्कम परोपकाराच्या कामीं लावावी, ही प्रथा इंग्लंडांत १९२७ सालापासून रूढ आहे. पहिल्याच वर्षीं तेथें ६०९ बागा उघडल्या गेल्या, प्रवेशास दर माणशीं एक शिलिंग ठेवण्यांत आला, आणि आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. गोरगरिबांच्या घरीं जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या कार्यास ती देण्यांत आली. आपल्याकडे पुण्याच्या एम्प्रेस बागेंतील पुष्पप्रदर्शनास लोक तिकीट काढून आवडीनें जातात. ती बाग सांभाळणारी संस्था १८३० सालची आहे. तात्पर्य, झाडें पाहण्यासाठीं मनुष्य पैसे देतो, व ते सत्कार्यास लागणार असतील तर आनंदानें देतो, हें नव्यानें सिद्ध करावयास नको.

घाटनांदुरास व आसपासच्या गांवांस हा उपक्रम करण्याजोगा आहे काय, असा प्रश्न केल्यास आमचें उत्तर होकारार्थी आहे. गांवास परळी-विकाराबाद मार्गावरील रेल्वेचें स्थानक आहे व अंबाजोगाई हें तालुक्याचें ठिकाण जवळ आहे. बालाघाटाच्या मुरमाड माळावर, जेथें दुसरें पीक धड उभें राहत नाहीं, तेथें सीताफळ येतें. शेळी त्यास तोंड लावीत नाहीं व पाणी तें थोडकें मागतें. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि या फळाचें संशोधन केंद्र अंबाजोगाईसच आहे. तेव्हां आमच्याकडे दाखविण्यासारखें काय आहे, असें कोणी म्हणूं नये. तथापि या कल्पनेंत एक धोका आहे, व तो आधींच सांगणें प्राप्त आहे. हा उपक्रम करतांना आपली येळवस तिकिटास लावली जाऊं नये.

लातूर, धाराशिव व त्यांस लागून असलेल्या आपल्या भागांत मार्गशीर्षाच्या अमावास्येस वेळ अमावास्या होते, हें वाचकांस सांगावयास नको. बिदर-कलबुर्गीकडील कानडी मुलुखांतही हाच सण एळ्ळ अमावास्या या नांवानें पाळतात. त्या दिवशीं गांव ओस पडतें व शिवार भरतें. उभ्या ज्वारींत कडब्याची कोप करून पांच पांडवांची पूजा होते. आंबिल, भज्जी, उंडे व खीर यांचा नैवेद्य होतो. आणि मग बांधावर जो दिसेल त्यास हांक मारून पंक्तीस बसवितात. ज्याच्या नांवें सातबाऱ्यावर एक गुंठाही नाहीं, तो मनुष्य त्या दिवशीं चार शेतांचा पाहुणा असतो. ही रीत सर्वत्र सारख्याच मोकळ्या मनानें पाळली जाते असें आम्ही म्हणत नाहीं. पण रीत हीच आहे, व ती मोडणारास लोक नांवें ठेवतात, हें कांहीं थोडें नव्हे.

आतां कोणी व्यवहारी गृहस्थ असें सुचवील कीं, येळवसेस शिवारांत माणसें येतातच, शहरांतूनही पाहुणे येतात, तर त्याच दिवशीं बांधावर एक पेटी ठेवावी व धर्मादाय रक्कम गोळा करावी. निराळा खटाटोप कशाला? सूचना सोयीची आहे, परंतु ती मान्य करूं नये. पंक्तीशेजारीं पेटी ठेवली कीं ज्याच्या खिशांत कांहीं नाहीं तो बांध चढण्यापूर्वीं दोनदां विचार करील. यजमानानें कितीही म्हटलें कीं पेटी ऐच्छिक आहे, तरी तो संकोच जाणार नाहीं. वर्षांतील तीनशें चौसष्ट दिवस शेतास धनी असतो. एक दिवस तें साऱ्या गांवाचें असतें. त्या एका दिवसास दर लावून जी रक्कम जमेल, तिच्यापेक्षां गेलेली वस्तु अधिक मोलाची असेल.

शिवाय येळवसेच्या पंक्तींत आज कोण बसत नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात व मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहींत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची गणती होते. यांत भूमिहीन आहेत, तसे एक-दोन एकरांचे धनीही आहेत. आपल्या पिकांची खुरपणी व काढणी ज्या हातांनीं होते, तेच हे हात. येळवसेस आपण बांधावरून हांक मारतों तेव्हां ज्यांस ती ऐकूं जावयास हवी ते कारखान्याच्या तळावर पालांत असतात. मागें गांवांत राहतात तीं त्यांचीं म्हातारीं आईबापें व शाळेंत जाणारीं मुलें.

मळे दाखवून जो पैसा येईल तो याच घरांस लागावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. मंदिराचा कळस, कमान किंवा सभामंडप यांस वर्गणी देणारे पुष्कळ आहेत. मुलांसाठीं शासनाचीं हंगामी वसतिगृहें आहेत, व ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवें वसतिगृह योजनाही २०२१ सालीं मंजूर झाली. परंतु वसतिगृहानें मुलाचें जेवण होतें; घरीं खोकत पडलेल्या आजीचें औषध होत नाहीं. रात्रीं-अपरात्रीं दवाखान्यांत नेण्याचें वाहनभाडें, चष्मा, पांघरूण, मुलाची वही, दिवा, अशा किरकोळ बाबी कोणत्याच योजनेंत बसत नाहींत, व त्यांसाठींच माणसें अडून राहतात. इंग्लंडांतील तो शिलिंग घरोघर जाणाऱ्या परिचारिकेस गेला; आपले वीस रुपयेही असेच उंबऱ्याच्या आंत गेले पाहिजेत.

दिवस कोणता असावा? आमच्या मतें दिवाळीनंतरचा, कार्तिकांतील एखादा रविवार. सोयाबीन घरांत आलेलें असतें, ज्वारीची पेरणी उरकलेली असते, तूर फुलोऱ्यास असते, विहिरींस पाणी असतें, व सीताफळाचा शेवटचा तोडा झाडावर असतो. तोडीच्या टोळ्याही त्याच सुमारास निघून गेलेल्या असतात. म्हणजे गरजेचा हंगाम सुरू होतो तेव्हांच निधि हातीं येईल. येळवस त्यापुढें महिना-दीड महिन्यानें येते, तेव्हां दोहोंची गल्लतही होणार नाहीं.

दाखवावें काय, याविषयीं एक सूचना आहे. शहरांतून येणारा मनुष्य केवळ फुलें पाहण्यास येणार नाहीं. आणि शेजारच्या गांवचा शेतकरी तर मुळींच नाहीं. त्यास सीताफळाची छाटणी कशी केली, शेततळ्यांत पाणी किती दिवस टिकलें, ठिबकावर किती झाडें जगलीं, आणि कोणतीं मेलीं, हें पाहावयाचें असतें. मेलेलें झाड उपटून टाकूं नये. तें का मेलें हें सांगावें. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तो काळ सर्वांच्या स्मरणांत आहे. तशा वर्षांतून जें झाड तरलें त्याची माहिती पुष्पगुच्छांच्या रांगांहून उपयुक्त आहे. संशोधन केंद्राच्या तज्ज्ञांस त्या दिवशीं बोलावून एखाद्या मळ्यांत तासभर प्रश्नोत्तरें ठेवावीं.

आतां व्यवस्थेसंबंधीं. महसूल खात्यांत दप्तर सांभाळण्यांत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस एवढें ठाऊक आहे कीं सत्कार्यें हेतु वाईट म्हणून क्वचित् बुडतात. हिशेब उशिरां लागला म्हणून बुडतात. सबब पुढील गोष्टी आरंभींच ठरवाव्या. धर्मादायासाठीं पैसा गोळा करावयाचा असल्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणें धर्मादाय कार्यालयास कळवावें लागतें. तें आधीं करावें. तिकिटें क्रमांक घातलेलीं असावीं. लहान मुलांस व मोलमजुरांस प्रवेश मोफत असावा. मालकानें फळें विकलीं तर तो पैसा मालकाचा, तिकिटाचा पैसा निधीचा. दोन्ही एका पिशवींत पडूं नयेत. मंडप, ध्वनिक्षेपक, शाल-श्रीफळ, फलक यांवर निधींतील एक रुपयाही खर्च होऊं नये. आठ दिवसांच्या आंत जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा व या मासिकाकडे पाठवावा.

मदत कोणास द्यावी हें मळेवाल्यांनीं एकट्यांनीं ठरवूं नये. शाळेचे मुख्याध्यापक, आशा कार्यकर्ती आणि तोडीस जाणाऱ्या वस्तींतील दोन बायका यांच्या सल्ल्यानें यादी करावी. यादी जाहीर करूं नये, व मदत देतांना छायाचित्र काढूं नये. घेणाराचा मान राहिला तरच देणाराचें पुण्य.

आक्षेप येतील ते दोन. पहिला चोरीचा: चार अनोळखी माणसें आंत आलीं तर फळें जातील. जातील, दहा-वीस जातील; परंतु वाट दोरीनें आंखून प्रत्येक मळ्यांत दोन तरुण उभे केले तर याहून अधिक कांहीं होणार नाहीं. कठडा नसलेल्या विहिरीचें मात्र भय खरें आहे. तेथें कुंपण घातल्यावांचून मळा उघडूं नये. फवारणी केलेल्या बागेंतही औषधाची मुदत संपेपर्यंत कोणास नेऊं नये. दुसरा आक्षेप असा कीं, शेतमालास भाव नाहीं, शेतकरी स्वतःच अडचणींत आहे, त्यानें दानधर्म काय करावा? यास उत्तर हेंच कीं येथें शेतकऱ्यानें पैसा द्यावयाचाच नाहीं. त्यानें आपलें दार व अर्धा दिवस द्यावयाचा. पैसा पाहावयास येणारा देईल. आणि ज्यास दरवर्षीं खुरपणीस माणसें मिळत नाहींत म्हणून तक्रार करावी लागते, त्यास त्या माणसांचीं म्हातारीं व मुलें सुखरूप राहण्यांत स्वार्थही आहे.

आरंभ लहान असावा. पहिल्या वर्षीं घाटनांदूर व लगतच्या शिवारांतील पांच मळे पुरेत. ज्यांची तयारी असेल त्यांनीं संस्थेच्या येत्या मासिक सभेपूर्वीं चिटणिसांकडे नांवें द्यावीं, म्हणजे कार्तिकापर्यंत परवानगी, तिकिटें व यादी या तिन्ही गोष्टी पुऱ्या होतील. आणि त्यानंतर येणाऱ्या येळवसेस याच पांच मळेवाल्यांनीं आणखी एक काम करावें: तोडीस गेलेल्या घरांतील म्हाताऱ्यांस व मुलांस सकाळींच गाडी पाठवून आपल्या कोपींत आणावें. त्या दिवशीं तिकीट नाहीं, पेटी नाहीं, पावती नाहीं.