कॉलेजचं इन्क्युबेशन सेंटर: खुर्ची फुकट, पण शेअर किती?

तुमच्या कॉलेजातही 'इन्क्युबेशन सेंटर'ची पाटी लागली असेल. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कॉलेजांमध्ये इनोव्हेशन कौन्सिल सुरू करायला लावली आणि वर्षभरातल्या उपक्रमांवर कॉलेजला स्टार मिळू लागले. मग काय होणार? काही ठिकाणी स्टार्टअप कमी आणि कार्यक्रमच जास्त: पाहुणे, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, ई-सर्टिफिकेट. माझ्या कॉलेजात तर सेंटरला बहुतेक वेळा कुलूपच असायचं.

तरी हे सगळं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. आयआयटी मुंबईचं 'साइन' हे सेंटर २००४ पासून चालू आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथेच वाढली. २००७ मध्ये नोंदवलेली ही कंपनी २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. ६७२ रुपयांना विकलेला शेअर पहिल्या दिवशी १३०० च्या आसपास उघडला. (नंतर तो ६७२ च्याही खाली गेला, पण तो वेगळा विषय.) मधली सोळा वर्षं लक्षात ठेवा. हॅकेथॉन दोन दिवसांत संपते, कंपनीचं तसं नसतं.

सेंटरचा खरा उपयोग खुर्ची आणि वायफायपुरता नाही. सरकारी पैसा बऱ्याचदा इन्क्युबेटरमार्फतच येतो. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत ९४५ कोटी रुपये होते. प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर. अट अशी की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणून लिंक्डइनवर 'फाउंडर' लिहायला मिळावं यासाठी सेकंड इयरलाच प्रायव्हेट लिमिटेड काढू नका. प्रॉडक्ट नसतानाच घड्याळ सुरू होतं, आणि वर दरवर्षी सीएची फी आहेच.

आता मुख्य मुद्दा. २०१९ चं राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण किती जणांनी उघडून पाहिलंय? विद्यार्थ्याच्या बाजूच्या बऱ्याच गोष्टी त्यात आहेत. स्टार्टअपसाठी सेमिस्टर किंवा वर्षभराचा ब्रेक घेता येतो. हजेरी कमी भरली तरी कॉलेजच्या परवानगीने परीक्षेला बसता येतं. मेजर प्रोजेक्टच्या जागी स्टार्टअपचं काम दाखवता येतं. पण हे धोरण म्हणजे कायदा नव्हे, तुमच्या कॉलेजने ते स्वीकारलंय का ते विचारावं लागतं.

त्याच धोरणात कॉलेज सुविधांच्या बदल्यात कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकतं असंही म्हटलंय. साडेनऊच का? तर स्टार्टअपची कायदेशीर जबाबदारी कॉलेजच्या गळ्यात पडू नये म्हणून. माझं स्पष्ट मत: लॅबमधली महागडी मशीन, पेटंटचा खर्च, पहिलं गिऱ्हाईक, यातलं काही मिळत असेल तर पाच टक्के महाग नाहीत. फक्त टेबल आणि कॉलेजचा लोगो मिळणार असेल तर एक टक्काही जास्त आहे. हिस्सा न देता भाडं भरून सुविधा वापरण्याची सोयही धोरणात आहे, ती सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट बौद्धिक संपदेची. काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलं, किंवा कॉलेजच्या सुविधा आणि पैसा भरपूर वापरला, तर हक्क कॉलेज आणि तुमचा संयुक्त. अभ्यासक्रमाबाहेर, स्वतःच्या साधनांवर केलं तर पूर्ण तुमचा. म्हणजे स्टार्टअपच फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून दाखवलात तर वेळ वाचतो, पण मालकीत वाटेकरी येतो. उद्या गुंतवणूकदाराचा वकील पहिल्यांदा हेच विचारणार.

ॲप बनवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, कोडला संरक्षण कॉपीराइटचं. तेव्हा कोड कुणी आणि कधी लिहिला याचा माग हवा. पहिल्या दिवसापासून गिट वापरा, प्रत्येकाने आपापल्या अकाउंटवरून कमिट करा, आणि रिपॉझिटरी कॉलेजच्या मेल आयडीवर काढू नका. पास झाल्यावर तो आयडी बंद झाला तर ॲक्सेसही जाऊ शकतो.

सेंटरचा फॉर्म भरण्याआधी कराराचा मसुदा मागा आणि घरी नेऊन वाचा. आणि तिथून कंपनी काढलेल्या एखाद्या सीनिअरचा नंबरही मागून घ्या. त्याला फोन करून एवढंच विचारा: पैसे खात्यात यायला किती महिने लागले?