फसवणुकीवरही दलाली

अमेरिकेतील पेट्रोल पंपांवर आणि किराणा दुकानांत आता बिटकॉइनची यंत्रे उभी आहेत. दिसायला ती बँकेच्या एटीएमसारखीच; मात्र ती ग्राहकाच्या नोटा गिळतात आणि दलाली कापून उरलेल्या रकमेचे आभासी चलन सांगाल त्या सांकेतिक खात्यावर रवाना करतात. एकदा गेलेली रक्कम परत बोलावता येत नाही. ठकांना याहून सोयीचे साधन कोणते हवे?

त्यांची रीत ठरलेली आहे. तुमचे खाते धोक्यात आहे किंवा तुमच्यावर वॉरंट निघाले आहे, असे एखाद्या वृद्धाला फोनवरून सांगावयाचे आणि फोन चालू ठेवूनच त्याला यंत्रापर्यंत न्यावयाचे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२३ साली या मार्गाने ११ कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाल्याच्या तक्रारी आल्या. २०२० च्या जवळजवळ दसपट. साठी उलटलेल्यांनी अशी तक्रार करण्याचे प्रमाण तरुणांच्या तिपटीहून अधिक आहे.

यंत्रमालक म्हणतात, आम्ही पडद्यावर इशारा देतो. पुढची जबाबदारी ग्राहकाची. ज्याच्या कानाशी अटकेची धमकी चालू आहे, तो इशारे वाचत बसेल काय? आणि खरा मुद्दा निराळाच आहे. रक्कम घामाची असो वा लुबाडलेली, यंत्राची दलाली सुटत नाही. वॉशिंग्टन शहराच्या महाधिवक्त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये अशा एका कंपनीवर दावा लावला. दलाली २६ टक्क्यांपर्यंत आणि पहिल्या पाच महिन्यांतील ९३ टक्के भरणा फसवणुकीचा, असा त्यांचा आरोप आहे. (आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे मान्य.) ज्या व्यवहारात चोरी रोखल्याने मालकाचे उत्पन्न घटते, तेथे त्याच्या सदिच्छेवर विसंबणे हे अर्थशास्त्र नव्हे, भाबडेपणा होय.

कॅलिफोर्नियाने २०२४ पासून दररोज १,००० डॉलरची मर्यादा घातली आणि २०२५ पासून दलालीही साधारणतः १५ टक्क्यांवर रोखली. मर्यादा हवीच, परंतु दुसऱ्या कंपनीच्या यंत्राकडे धाडून ठक ती चुकवू शकतात. मला मिनेसोटाच्या २०२४ च्या कायद्यातील तरतूद अधिक मोलाची वाटते: फसलेल्या नव्या ग्राहकाने १४ दिवसांत कंपनीकडे व पोलिसांकडे तक्रार केली, तर कंपनीने रक्कम परत करावी. नुकसान मालकाच्या खिशातून जाऊ लागले की पहारा आपोआप बसतो.

बंगळुरूत २०१८ साली उभारलेले असे यंत्र पोलिसांनी जप्त केले होते. परंतु ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने आपल्याकडील निवृत्तांना फोनवरून लुटणारे हीच युक्ती वापरतात, फरक इतकाच की येथे पैसा बँकांतील भाडोत्री खात्यांतून वाहतो. ती खाती डोळे झाकून उघडणाऱ्या बँकांवर भरपाईचा वाटा कायद्याने बसवावा, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी ग्राहक पंचायतींसह लावून धरली पाहिजे.