मोरीच्या खिडकीतून दिसेल तेवढाच निसर्ग

मुठेच्या काठच्या एका वस्तीत आमच्या गटातर्फे दर रविवारी मुलांचा चित्रवर्ग चालतो. वर्ग म्हणजे काय, समाजमंदिराच्या ओट्यावर एक सतरंजी, जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ आणि तेलखडूंची पेटी, तीही निम्मी मोडलेली. गेल्या संक्रांतीच्या सुमारास मी ‘निसर्ग’ हा विषय दिला. पंचवीसेक कागद गोळा झाले. त्यांतले वीस तुम्हीही न पाहता सांगू शकाल. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाकडीतिकडी नदी, एक झोपडी, एक नारळ आणि आभाळात इंग्रजी ‘व्ही’सारखे पक्षी. पुण्याच्या पुलाखाली वाढणाऱ्या या मुलांनी नारळाच्या सावलीतली झोपडी कधी पाहिली कोण जाणे! हा शाळेच्या पुस्तकातला निसर्ग.

अगदी वेगळे असे दोनच कागद निघाले, आणि तेही एकाच घरातले. भाऊ चौदा वर्षांचा, बहीण बारा. भावानं आपली मुठाच काढली होती. तारेवर बसलेला खंड्या, जलपर्णीच्या थरावर पाय उचलून चालणारा बगळा, नाल्याचं काळं तोंड आणि पाण्यावरचा फेस. बहिणीच्या कागदाच्या मधोमध होती एक भेग. त्यांच्या मोरीच्या भिंतीतली. त्या भेगेतून पिंपळाचं रोप आलेलं, चार पानांचं, वरचं सगळ्यात कोवळं पान तांबूस. कडेनं मुंग्यांची रांग, आणि तिघीचौघी मिळून भाताचं एक शीत ओढत चाललेल्या. मुंगीला सहा पाय असतात आणि ते सगळे मधल्या भागालाच फुटतात, हे आपल्यापैकी किती जणींनी निरखून पाहिलंय? तिनं पाहिलं होतं.

दोन्ही चित्रं आम्ही एका स्पर्धेला पाठवली. भावाला दुसरं बक्षीस मिळालं. बहिणीचा कागद परत आला, मागे पेन्सिलीनं शेरा होता: विषयाला धरून नाही. परीक्षकांच्या लेखी पिंपळ आणि मुंगी हा निसर्ग नव्हता, कारण तो घराच्या आत होता.

मला राग आला, पण तो निम्माच बरोबर होता हे नंतर कळलं. मी पोरीला म्हटलं, “पुढच्या वेळी तूही नदीच काढ की. दाखवू त्यांना.” ती सहजपणे म्हणाली, “मी आता नदीवर जात नाही ताई. दिवाळीपासून.” तिची पाळी दिवाळीच्या आसपास सुरू झाली होती. तोवर भावाच्या मागे मागे ती काठावर जायची, शेवाळ चिवडायची, अंड्यांची टरफलं गोळा करायची. मग एके दिवशी ते बंद झालं. भाऊ अजून जातो. दिवेलागणीला परत येतो, आईच्या शिव्या खातो आणि जेवायला बसतो. पोरीनं तक्रार केली नाही. नजर तीच ठेवून ती मोरीच्या भिंतीकडे वळली.

कलेबद्दल बोलताना आपण ‘उपजत’ हा शब्द फार सैलपणे वापरतो. या दोघा भावंडांत उपजत काय ते सारखंच आहे, किंवा मला विचाराल तर बहिणीत काकणभर जास्तच. पण निसर्ग पाहून चित्र काढायचं तर नजरेइतकीच आणखी एक गोष्ट लागते: कामाशिवाय हिंडायची मुभा. काही न आणता, काही न भरता, कुणालाही ‘कशाला गेली होतीस’ याचं उत्तर न देता झाडाखाली तासभर बसता आलं पाहिजे. बाई निसर्गात जात नाही असं थोडंच आहे! पाण्याला जाते, सरपणाला जाते, शेण गोळा करते, शेळ्या वळते. पण डोक्यावर भारा असताना मान वर करून पक्षी बघता येत नाही. रिकामटेकडेपणा हा आपल्याकडे मुलाचा अवगुण आहे, आणि मुलीचा तो गुन्हा ठरतो.

हे मनात घोळत असताना मी हॅरिएट आणि हेलेना स्कॉट या बहिणींची हकीगत पुन्हा वाचली. त्यांचा आपल्याशी संबंध एवढाच की त्यांचे वडील, अलेक्झांडर वॉकर स्कॉट, १८०० साली मुंबईत जन्मले. आजोबा ईस्ट इंडिया कंपनीचे इथले डॉक्टर होते. वडील पुढे ऑस्ट्रेलियात गेले. हॅरिएट १८३० ची, हेलेना १८३२ ची, दोघी सिडनीत जन्मल्या. आईवडिलांचं रीतसर लग्न झालं ते थेट १८४६ मध्ये, आणि मग कुटुंब हंटर नदीच्या मुखाजवळच्या ॲश आयलंड या बेटावर राहायला गेलं. थोरली सोळा वर्षांची, धाकटी चौदाची. लग्नाआधी जन्मलेल्या मुलींना शहरातल्या प्रतिष्ठितांत कसं वागवलं गेलं असतं ते वेगळं सांगायला नको. बेट ही कदाचित पळवाटही असेल. पण परिणाम बघा. ज्या वयात आपल्याकडच्या पोरीचं बाहेर जाणं थांबतं, त्याच वयात या दोघींचं सुरू झालं.

वडिलांना पतंग आणि फुलपाखरांचा नाद. त्यांनी मुलींना सोबत घेतलं आणि शिकवलं. दोघी झुडपांतून अळ्या शोधत, ज्या झाडाचा पाला अळी खाते त्यावरच तिला वाढवत, कोष होईपर्यंत आणि कोषातून पतंग निघेपर्यंत वाट पाहत. मग भिंगाखाली बघून जलरंगात काढत. एकाच कागदावर अळी, कोष, पंख मिटलेला आणि पसरलेला पतंग, आणि तिचं खाण्याचं झाड. ही चित्रं छापलेली पाहिली तरी पंखावरची लव बोटाला लागेल असं वाटतं. पाठीशी कुठली कलाशाळा नव्हती. विद्यापीठाचं दार तर बाईसाठी उघडलेलंच नव्हतं. हॅरिएटला त्याची खंत होती, आणि तिनं ती पत्रांतून बोलूनही दाखवली आहे.

बहुतेक चित्रं पहिल्या पाचसहा वर्षांतली, म्हणजे विशीच्या आतबाहेरच्या पोरींची. पुस्तक निघालं १८६४ मध्ये लंडनहून. वर्णनं वडिलांची, पण शीर्षकाच्या पानावर चित्रं हॅरिएट आणि हेलेना स्कॉट यांनी प्रत्यक्ष पाहून काढली असं छापलेलं आहे. बापानं मुलींचं काम स्वतःच्या नावात गडप केलं नाही. ही गोष्ट लहान वाटेल, पण बाईच्या कामाचं नाव जिथे नवऱ्याच्या, भावाच्या, बापाच्या नावाखाली सहज बुडतं, तिथे ती लहान नाही.

मला यातला परीकथेचा भाग नको आहे. ते बेट सरकारकडून मिळालं होतं, आणि सरकारनं ती सगळी भूमीच तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती. स्वयंपाक कुणीतरी दुसऱ्यानं केला म्हणून या दोघींना पतंगाकडे बघता आलं, हेही मी विसरत नाही. शिवाय ते टिकलं नाही. १८६६ या एका वर्षात आई गेली, हेलेनाचा नवरा नदीच्या मोजणीवर असताना तापानं गेला आणि वडिलांचं दिवाळं निघालं. बेट सुटलं. पण त्यानंतर दोघी जगल्या त्या बेटावर कमावलेल्या नजरेवर. सिडनीच्या म्युझियमचे क्युरेटर जेरार्ड क्रेफ्ट यांच्या ऑस्ट्रेलियातल्या सापांवरच्या १८६९ च्या पुस्तकातली चित्रं त्यांची. सस्तन प्राण्यांवरच्या पुस्तकातलीही त्यांचीच. रानफुलांची नाताळची कार्डंसुद्धा त्यांनी पैशासाठी काढली. १८८४ मध्ये ऑस्ट्रेलियन म्युझियमनं पतंगांची मूळ चित्रं विकत घेतली, आणि पुस्तकाचा दुसरा भाग १८९० पासून निघू लागला तेव्हा संपादकांत हेलेनाचं नाव होतं. पाचसहा वर्षांचं हिंडणं तिला पन्नाशी उलटल्यावरही पुरलं.

हे मी गटाच्या बैठकीत मांडलं तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, “परदेशी बायांचं काय सांगतेस? आपल्या बायांनी घराच्या भिंतीवरच केवढा निसर्ग उभा केला. वारली चित्रं बघ.” बघूच. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहितात त्या सवाशिणी. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चेचलेली काडी. त्यात पालघाट देवी आणि भोवती झाडं, पाखरं, सूर्य-चंद्र. त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. ही कला शतकानुशतकं बायांच्या हातची. मग सत्तरच्या दशकात डहाणूच्या बाजूला भास्कर कुलकर्णींसारखी माणसं कागद घेऊन पोचली, आणि भिंतीवरचं चित्र गावाबाहेर जाऊ लागलं. बाहेर कोण जाऊ शकत होतं? जिव्या सोमा मशे हे अस्सल प्रतिभेचे कलावंत होते, त्यात मला शंका नाही. लग्नाच्या चौकाबाहेर काढून मासेमारीचं जाळं, शेत, रान हे सगळं त्यांनी चित्रात आणलं. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ ची पद्मश्री त्यांच्या हाताला शोभलीच. त्यांचे मुलगेही चित्रकार झाले. माझं भांडण त्यांच्याशी नाही. मी एवढंच विचारते, की भिंत होती तोवर जी कला बाईची होती, ती बाजार आणि प्रवास आल्याबरोबर पुरुषाची कशी झाली? आता वारली बायाही कागदावर चित्रं काढतात, विकतात, शिकवतात, ते चांगलंच आहे. पण अजूनही वारली चित्रकाराचं नाव सांगा म्हटलं की आपल्या तोंडी पुरुषाचंच येतं. तेव्हा ‘घराच्या भिंतीवर केवढी कला’ या कौतुकाची मला जरा भीती वाटते. त्याच्या आडून आपण पोरीला भिंतीजवळच ठेवतो.

बैठकीत दुसराही आक्षेप आला, आणि तो मला जास्त बोचला. पाणी, रेशन, नवऱ्याची मारहाण हे समोर असताना पोरींना पाखरं दाखवायला नेणं ही चैन नाही का? मी बराच वेळ गप्प बसले. मग असं वाटलं, की पोरीची नदी बंद होते तेव्हाच ‘तू कुठे जायचं ते दुसरे ठरवतील’ हा पहिला धडा ती गिरवते. पुढे शाळा सोडवतात, लग्न ठरवतात, माहेरी जायला परवानगी मागायला लावतात, तेव्हा तिला नवल वाटत नाही. ही सुरुवात आपण चैन म्हणून सोडून दिली, तर पुढचं सगळं भांडण आपल्याला तिच्या मनाविरुद्ध भांडावं लागेल.

आईवर मात्र ठपका ठेवायला मी तयार नाही. ती म्हणाली, “ताई, पुलाखाली पोरं दारू पिऊन बसतात. काही झालं तर लोक तिलाच विचारतील, तू गेलीसच कशाला.” हे खोटं नाही. म्हणून आम्ही दुसरी वाट काढली. मुली एकटीदुकटी न जाता दहाबाराजणी मिळून जातील, ठरल्या रविवारी, सकाळी, बरोबर आमच्यापैकी दोघी. आणि हातात पिशवी, कळशी काही नाही, फक्त कागद. ही अट मीच घातली आणि त्यावर बरीच हसले सगळे. भावांना येऊ द्यायचं का यावरही वाद झाला. या वेळी नको, असं मुलींनीच ठरवलं.

आषाढातल्या पहिल्या रविवारी आम्ही गेलो. ती पोरगी आली, आणि तिच्यामागून पदर खोचून तिची आईही. राखण करायला आले म्हणाली. पाऊस नुकताच उघडला होता. काठावर टाकळा माजला होता. आई थबकली. लग्नाआधी मराठवाड्यात शेळ्यांमागे हिंडलेली बाई ती. हा टाकळा, ही कुरडू, हे चिगळ, ही खायची, ही नाही, असं तिनं मुलींना भराभर सांगायला सुरुवात केली. “नदीवर कितव्या वर्षांनी आलात?” मी विचारलं. पुलावरून रोज जाते, म्हणाली, खाली पहिल्यांदाच.

पोरगी तेवढ्यात टाकळ्याच्या एका झुडपासमोर उकिडवी बसली होती. पानाच्या उलट बाजूला फिकट पिवळी, टाचणीच्या टोकाएवढी अंडी होती, आणि शेजारच्या पानावर एक हिरवी अळी. ती काही केल्या उठेना. आईनं ओच्यात कोवळा पाला खुडून घेतला, माझी अट मोडून. आम्ही परतलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, आणि दोघींनाही घरी बोलणी बसली.