निमाडच्या भट्ट्या आणि परवान्याचा कागद

बऱ्हाणपूर मागे टाकून इच्छापूरच्या सडकेला लागले की शहापूर येते. हे ठाणे जिल्ह्यातले शहापूर नव्हे. मध्य प्रदेशाच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, केळीच्या बागांच्या मुलखातले, मराठी माणसाला कधी परके न वाटणारे हे गाव आहे. येथून थोड्याच अंतरावर मध्य प्रदेश संपतो आणि जळगाव जिल्हा सुरू होतो. या बाजूच्या सडकांनी केळी जातात, कापूस जातो, इच्छादेवीचे भक्त जातात. आणि गेली कित्येक वर्षे गावठी पिस्तुलेही जातात. ती शहापुरात होत नाहीत. ती घडतात त्याच जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातील पाचोरी गावी, शेजारच्या खरगोन जिल्ह्यातील सिगनूरला आणि बडवानी जिल्ह्याच्या सीमेवरील उमर्टीला. जळगाव, धुळे, नाशिक, पुणे, मुंबई येथे पकडल्या जाणाऱ्या 'गावठी कट्ट्यां'च्या तपासाचा धागा पुष्कळदा याच गावांशी येऊन थांबतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याचे पोलीस थेट उमर्टीपर्यंत गेले आणि तेथील भट्ट्या त्यांनी उद्ध्वस्त केल्या. अशा छाप्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. भट्टी मोडते, माणसे तुरुंगात जातात, आणि काही महिन्यांनी पुन्हा तशीच बातमी येते. एकच बातमी वर्षानुवर्षे छापावी लागते, तेव्हा दोष केवळ गुन्हेगाराचा नसून उपायाचाही असला पाहिजे, अशी शंका संपादकाला येणे स्वाभाविक आहे.

या भट्ट्या चालविणारे बहुतेक शिकलगार आहेत. 'सैकल' म्हणजे हत्याराला दिलेली झिलई. त्यावरून हे नाव पडले. आपल्या पूर्वजांनी शीख गुरूंच्या फौजेसाठी हत्यारे घडविली, असे ही मंडळी अभिमानाने सांगतात. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला जाताना बऱ्हाणपुरास मुक्कामाला होते, ही परंपरा तेथील गुरुद्वारा आजही जपतो. बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेचे दार. त्यापलीकडे उभा असलेला असीरगड १६०१ साली अकबराच्या हाती पडला. पुढे तो शिंद्यांकडे आला. ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले. गड शिंद्यांना परत मिळाला, पण एप्रिल १८१९ मध्ये तो पुन्हा पडला आणि इंग्रज-मराठ्यांच्या तिसऱ्या युद्धावर पडदा पडला. ज्या मुलखातून शतकानुशतके फौजा गेल्या, तेथे शस्त्र घडविणाऱ्याला अन्न आणि मान दोन्ही होते. फौजा गेल्या, कारागीर मागे राहिला.

तो गुन्हेगार केव्हा ठरला, हे पाहू गेल्यास बंदुकीच्या इतिहासाकडेच वळावे लागते. तोड्याची आणि चकमकीची बंदूक गावच्या लोहाराच्या आवाक्यातली होती. नळी गुळगुळीत, नेम बेताचा, पल्ला थोडा. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या बंदुका कंपनीच्या बंदुकांच्या तोडीच्या होत्या. मग नळीच्या आत पिळदार आटे पाडण्याची विद्या युरोपात सैन्यासाठी सर्रास वापरात आली. गोळी फिरत फिरत जाऊ लागली, पल्ला आणि नेम कित्येक पटींनी वाढला. इंग्रजांची १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड ही अशी रायफल होती. तिच्या काडतुसाने १८५७ साली काय घडविले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यानंतर इंग्रजांनी घेतलेला धडा मात्र फारसा कोणी शिकवत नाही. हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागचे शस्त्र द्यावयाचे, हे धोरण ठरून गेले. गोऱ्याला स्नायडर, तेव्हा हिंदी शिपायाला जुनी गुळगुळीत नळीची बंदूक. गोऱ्याला मार्टिनी-हेन्री, तेव्हा आपल्या शिपायाला स्नायडर. तोफखाना तर बव्हंशी गोऱ्यांच्याच ताब्यात राहिला.

जनतेसाठी १८७८ साली शस्त्रांचा कायदा आला. आम्ही या व्यवसायातले असल्याने एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. त्याच वर्षी, त्याच लॉर्ड लिटनच्या अमदानीत देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही झाला. लेखणी आणि बंदूक, दोहोंचे भय एकाच माणसाला एकाच वर्षी वाटले. लेखणीचा कायदा १८८२ साली रिपनने रद्द केला. बंदुकीचा १९५९ चा नवा कायदा होईपर्यंत टिकला. युरोपियनांना त्यातून सूट होती. हिंदी माणसाने मात्र साहेबापुढे अर्ज घेऊन उभे राहावे, साहेबाची मर्जी झाली तर परवाना मिळावा. शस्त्र बाळगणे ही राज्यकर्त्याची मेहेरबानी झाली, ती येथून.

हिंदी माणूस मुळातच शांत, त्याला शस्त्राची हौस नाही, असा एक गोड समज आपल्याकडे आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. खुद्द गांधीजींनी १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत या कायद्याला फार वरचे स्थान दिले. १९३१ च्या कराची अधिवेशनाने नागरिकांच्या मूलभूत हक्कांची जी यादी केली, तिच्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क नमूद आहे. मग राज्यघटनेत तो का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. कामत जन्माने मंगळूरचे, म्हणजे आपल्या किनाऱ्याचे. घटना समितीत ते मध्य प्रांत-वऱ्हाडातून गेले आणि पुढे होशंगाबादने त्यांना लोकसभेवर पाठविले. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा की, आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, राष्ट्रावर संकट आले असता ते धरण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती फेटाळली गेली. आज आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या कलमात शस्त्राचा उल्लेख आहे तो नकारार्थी. सभा भरवावी ती शांततेने आणि विनाशस्त्र.

हक्क नाकारणे योग्यच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा हवाला देऊन अमेरिकेने बंदूक हा हक्क मानला. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्यावर शिक्कामोर्तब केले. परिणाम असा की 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या जिनिव्हाच्या संस्थेने २०१८ साली दिलेल्या अंदाजानुसार त्या देशात नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. घरोघरी बंदूक असली म्हणजे जुलमी सरकार माजत नाही, असे तेथे सांगितले जाते. गोमंतकाला जुलमी सरकार पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रही निःशस्त्र होते आणि बंदुका सालाझारच्या शिपायांकडे होत्या. आदल्या वर्षी दादरा-नगर हवेलीत आझाद गोमंतक दलाने शस्त्रही हाती धरले होते. या भूमीने दोन्ही मार्ग पाहिले आहेत, आणि दोन्हींतल्या हुतात्म्यांपुढे आम्ही मस्तक नमवितो. पण सालाझारची राजवट लिस्बनमध्ये कोसळली ती २५ एप्रिल १९७४ रोजी. नागरिकांच्या घरातल्या बंदुकांनी ती पाडली नाही. सैनिक बिथरले, आणि लोकांनी त्यांच्या रायफलींच्या नळ्यांत लाल फुले खोवली.

आंबेडकरांच्या कर्तव्याच्या कल्पनेशी जुळणारे उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. तेथे नागरिक हाच शिपाई, म्हणून सैन्याची रायफल घरी. तरीही २००७ सालापासून घरी ठेवावयाची काडतुसे बहुतेकांकडून काढून घेण्यात आली. २०११ साली शस्त्रे कोठारात जमा करावीत काय, यावर सार्वमत झाले तेव्हा लोकांनी नकार दिला. २०१९ साली मात्र नियम कडक करण्यास त्यांनीच होकार दिला. बंदूक घरात आणि निर्णय जाहीर मतपेटीत, ही त्या देशाची रीत.

दुसऱ्या टोकाला जपान. आणि येथे गोव्याचा संबंध येतो. १५१० साली गोवा जिंकल्यावर आल्बुकेर्कला येथील कारागीर इतके पसंत पडले की, ते बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवितात असे त्याने राजाला कळविले. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर पहिली तोड्याची बंदूक पोहोचली. ती गोव्याच्या किंवा मलाक्क्याच्या घडणीची असावी, असे काही अभ्यासक मानतात. जपानी लोहारांनी तिच्या नकला केल्या. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत बंदूकधाऱ्यांनी घोडदळ लोळविले. पण १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची हत्यारे गोळा केली, आणि ती रीत पुढे मुरली. आज तेथे शंभर माणसांमागे अर्धी बंदूकही नाही. आपल्या गोव्यातल्या त्या बंदूक घडविणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे विचारायला मात्र आपल्याकडे कोणाला सवड झाली नाही.

आपण या तिघांपैकी कोणीच नाही. त्याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे भारतात नागरिकांकडे ७ कोटींहून अधिक बंदुका आहेत. नोंद झालेल्या त्यांपैकी एक कोटीच्याही आत. म्हणजे दर सात बंदुकांतील सहा कागदावर नाहीत. ज्या कायद्याने इतके थोडे दिसते, तो कडक आहे असे म्हणणे धाडसाचे आहे. आणि कागदावर ज्या आहेत, त्यांची तऱ्हा काय? कोडगूच्या लोकांना ब्रिटिश अमदानीत मिळालेली परवान्याची सूट अद्याप चालू आहे. ती २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढविली गेली. सत्तरी-सांग्याचा शेतकरी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक बाळगतो, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात नेऊन ठेवतो. डुकरे काही आचारसंहिता पाळत नाहीत. मध्य प्रदेशातल्या चंबळच्या बाजूला परवाना म्हणजे मिशीचा पीळ. २००८ साली शिवपुरी जिल्ह्याच्या प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देऊ केले होते. विनोदाने नव्हे, गंभीरपणे! परवाना ही मेहेरबानी आहे, हे लिटनचे तत्त्व स्वतंत्र भारताच्या जिल्हा कचेरीत किती खोल मुरले आहे, याचा याहून बोलका पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

ज्याला मेहेरबानी मिळत नाही, तो भट्टीकडे जातो. .३०३ ही सैन्याची रायफल म्हणून तिचे काडतूस नागरिकाला निषिद्ध, त्याच्यासाठी.३१५ ची नळी सरकारी कारखान्याने काढली. गावठी कट्टा बहुधा याच .३१५ च्या किंवा बारा बोअरच्या काडतुसासाठी घडविलेला असतो, कारण ते काडतूस परवानाधारकांसाठी बाजारात येते आणि तेथून पाझरते. पाचोरीचा कारागीर पिस्तूल घडवील, पण काडतूस कारखान्यातच होते. शोध घ्यावयाचा तर परवान्यावर किती काडतुसे उचलली गेली आणि ती कोठे उडाली, याचा घ्यावा. तो हिशेब कचेरीत बसून, छाप्याविना होऊ शकतो. म्हणूनच कदाचित तो होत नसावा.

शिक्षेची वाण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप ठेवली आहे. ज्या पिस्तुलाने पुण्यात खून पडतो, ते घडविणारा निर्दोष आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या खुनात बळी पडलेल्याच्या घरच्यांपुढे उभे राहून तसे म्हणण्याची आमची छाती नाही. पण बापाच्या हाताखाली भात्यापाशी बसून हीच एक विद्या शिकलेला पोरगा दुसरे काय करणार, हा प्रश्न दोन्ही राज्यांच्या गृहखात्यांनी टाळला आहे. त्याच मध्य प्रदेशात ग्वाल्हेरजवळ मालनपूरला इस्रायली कंपनीच्या भागीदारीत २०१७ साली खाजगी शस्त्रकारखाना सुरू झाला, रीतसर परवान्याने. भांडवल असेल तर बंदूक घडविणे हा उद्योग, नसेल तर गुन्हा. पाकिस्तानात दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी सव्वाशे वर्षे ली-एनफील्डच्या नकला केल्या आणि सरकारने काणाडोळा केला. त्याची फळे तो देश भोगतो आहे. ती वाट आपल्याला नको. भट्ट्यांना जसेच्या तसे परवाने द्या, ही काही शिकलगारांची मागणीही आम्हाला पटत नाही.

मात्र नळीत आटे पाडणारा हात यंत्रशाळेत कोणतेही काम करू शकतो. जबलपूरला १९०४ पासूनचा तोफगाड्यांचा कारखाना आहे. या मुलांना तेथे उमेदवार म्हणून घ्यावे, पाचोरीजवळ औद्योगिक प्रशिक्षण केंद्र काढावे, जे भट्टी सोडतील त्यांच्यावर दोन्ही राज्यांच्या पोलिसांनी ठरावीक मुदतीपर्यंत डूख धरू नये, आणि जे सोडणार नाहीत त्यांच्यावर कायदा पुरता चालवावा. शहापूरच्या सडकेने इच्छापूरची सीमा ओलांडून मुक्ताईनगरवरून भुसावळकडे निघाले की वाटेतच वरणगाव लागते. सैन्याच्या रायफलींची काडतुसे करणारा केंद्र सरकारचा कारखाना तेथे १९६४ पासून उभा आहे.