मला काय धाड भरलीय!



2025 मध्ये प्रतापगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि जानेवारी 2026 च्या 99व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मान साताऱ्याला मिळाला. दोन्हींवर या दिवाळी अंकात लेख आहेत. उसाच्या दराचं रडगाणं तेच, त्यावर लिहीत नाही.

वर्षभर मला छळलं ते आमच्या वर्गणीदारांच्या वहीनं. वर्गणी येते, पत्ता तोच असतो, फक्त 'श्री.' खोडून 'श्रीमती' लिहायचं असतं. पिकलं पान गळालं तर समजू शकतो. ही पन्नाशीतली माणसं आहेत. फोनवर वहिनी सांगतात, "कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं हो त्यांचं." दुखलं असणार. सांगितलं नसेल.

पूर्वीही माणसं अशी अकाली जायची. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे वडील त्यांच्या लहानपणीच प्लेगनं गेले. तेव्हा माणसाच्या हातात काय होतं? 1970-75 मध्येही भारतात पुरुषाचं सरासरी आयुर्मान 50.5 वर्षं होतं आणि बाईचं 49. बाळंतपण आणि हेळसांड बायकांना आधी नेत होती. ऐंशीच्या दशकात त्यांनी आपल्याला, म्हणजे पुरुषांना, गाठलं. 2016-20 च्या आकडेवारीत पुरुष 68.6 वर आणि बाई 71.4 वर. म्हणजे आपल्याला अठरा वर्षं जास्त मिळाली, त्यांना बावीस. आपल्या अठरातली बरीचशी तान्ही पोरं जगू लागल्यामुळं आहेत. त्यात आपला पुरुषार्थ काही नाही. यापुढची वर्षं हवी असतील तर ती तंबाखू, दारू, रक्तदाब आणि साखरेच्या तावडीतून सोडवावी लागतील.

आमच्याकडचा पुरुष मात्र अंथरूण धरल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. नव्वदच्या दशकात एचआयव्हीनं सांगली जिल्ह्यातले कर्तेसवरते पुरुष नेले, तेव्हा पाहिलंच आहे. फौजी माणसाचंही तेच. फौजेत असेपर्यंत दरवर्षी मेडिकल होतं. पेन्शन सुरू झाली की तोच जवान गोळीला हात लावत नाही.

आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात. आशाताई घरी येते, बायकोचा फॉर्म भरून होतो आणि मालक रानात. सापडलेच तर उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय!" हेच महाशय सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीवर रांगेत असतात. म्हशीच्या दुधाची फॅट दोन्ही वेळेला बघून घेतात, दोन पॉइंट कमी लागली तर सचिवाशी हुज्जत घालतात. स्वतःच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा शेवटचा कधी बांधला होता, ते आठवत नाही.

दारू पुरुषाचं आयुष्य खाते, हे बायकांना कधीच उमगलं. जावळी तालुक्यात त्यांनी दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मतं देऊन दारूची दुकानं बंद पाडली. पुरुषांचं आयुष्य वाढवायचं कामही त्यांनीच करायचं!

आरोग्य खात्याला एवढंच सांगणं: आरोग्य मंदिराच्या वेळेत गडी माणूस येईल ही आशा सोडा. रक्तदाबाचं यंत्र डेअरीवर ठेवा, कारखान्याच्या वजनकाट्यावर ठेवा, सलूनमध्ये ठेवा. गावच्या दूध संस्थेनं मनावर घेतलं तर सरकारची वाट बघायचीही गरज नाही.

या अंकातला विशेष विभाग गडकोटांच्या वाटांवर आहे. वाचून चढायला निघालातच आणि पहिल्याच वळणावर धाप लागली, तर 'वय झालं' असं परस्पर ठरवून मोकळं होऊ नका.

अंक कसा वाटला ते नेहमीप्रमाणे कळवाच. चाळिशी ओलांडलेल्या पुरुष वाचकांनी मात्र दिवाळी पाडव्याला ओवाळून घेण्याआधी रक्तदाब मोजून घ्यावा. घरी सांगायचं नसेल तर नका सांगू. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती तेवढी रोज घ्या.