सरासरीने आखलेला सर्व्हर आणि तलासरीच्या मजुराचा दिवस

१/१०
डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत सरकारी कामासाठी निघालेल्या माणसाच्या वाट्याला कधी ना कधी येणारे उत्तर म्हणजे ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’. पाऊस लांबावा तशी ही गोष्ट दैवाधीन मानली जाते. वास्तविक पुष्कळदा ती कोणीतरी कागदावर मांडलेल्या हिशेबाचे फळ असते. त्या हिशेबामागे जवळपास साठ वर्षांचा इतिहास आहे.

२/१०
जानेवारी १९६७. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधन केंद्रात सीपी-४० ही प्रणाली नित्य वापरात आली. एकाच महागड्या संगणकावर चौदापर्यंत आभासी संगणक तिच्यामुळे चालत आणि प्रत्येक वापरणाऱ्याला संपूर्ण यंत्र आपलेच असल्याचा भास होई. व्हर्च्युअलायझेशनचा उगम तो हा. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ही कल्पना अधिकृत उत्पादन म्हणून ग्राहकांपुढे ठेवली.

३/१०
पुढे संगणक स्वस्त झाले. प्रत्येक कामाला स्वतंत्र सर्व्हर घेण्याची रीत पडली आणि त्यांतले अनेक सर्व्हर दिवसाचा बराच वेळ रिकामे बसू लागले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती जुनी कल्पना या स्वस्त यंत्रांवर आणली. भारत सरकारच्या ‘मेघराज’ उपक्रमाखालील राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. हा जिल्हा आणि तो क्लाउड असे समवयस्क आहेत.

४/१०
पूर्वी क्षमतेचे नियोजन सरळ होते : एका कामाची सर्वाधिक गर्दी मोजायची आणि तेवढे यंत्र घ्यायचे. आता अनेक कामे एका यंत्रावर नांदतात. सर्वांना एकाच वेळी गर्दी होणार नाही, या विश्वासावर यंत्रात असते त्याहून अधिक क्षमता कागदोपत्री वाटली जाते. वीजकंपन्यांचा विश्वासही हाच. डहाणूच्या खाडीकाठचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवते. तिथले सगळे पंखे, पंप आणि लिफ्ट एकाच क्षणी चालत नाहीत, म्हणूनच हे गणित जमते.

५/१०
मात्र वीजव्यवस्था सरासरीवर आखली जात नाही. तिथे सर्वाधिक मागणीचा तास पाहतात आणि वर थोडी क्षमता राखून ठेवतात. सरकारी सर्व्हरवरची गर्दी तर खुद्द सरकारी आदेशानेच एकवटते. २८ जून २०२४ रोजी ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, तेव्हा अर्जाची पहिली अंतिम तारीख १५ जुलै होती आणि ती साऱ्या राज्याला एकच होती. २०२१ पासून राज्यभर चालणाऱ्या ई-पीक पाहणीलाही मुदत असते. जिथे शिखरे एकमेकांवर येऊन पडतात, तिथे सरासरी फसवी ठरते.

६/१०
ती किती फसवी, हे डेन्मार्कच्या ए. के. एरलांग यांच्यामुळे कळले. टेलिफोनच्या रांगांचा गणिती अभ्यास त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यातून रांगांचे शास्त्र उभे राहिले. त्यातले सर्वांत साधे सूत्र असे : एक काम एक सेकंदाचे असेल, तर यंत्र ५० टक्के व्यग्र असताना ते सरासरी २ सेकंदांत होते, ८० टक्क्यांवर ५, ९० टक्क्यांवर १० आणि ९५ टक्क्यांवर २० सेकंदांत. शेवटच्या पाच टक्क्यांत प्रतीक्षा दुप्पट होते. यंत्र जितके ‘पुरेपूर’ वापरावे, तितकी खिडकीसमोरची रांग लांबते.

७/१०
दुसरी अडचण मोजमापाची. शेजारच्या आभासी यंत्राने खरा प्रोसेसर व्यापला की आपले यंत्र ताटकळते. या हिरावलेल्या वेळाला ‘स्टील टाइम’ म्हणतात. केवळ यंत्राच्या आतला वापराचा आकडा पाहणाऱ्याला हा वेळ दिसेलच असे नाही. आत ४० टक्के वापर दिसत असतो आणि बाहेर रेशन दुकानात ई-पॉसवर अंगठा ठेवलेली बाई उत्तराची वाट पाहत असते. तिच्या त्या क्षणाची नोंद नियोजनाच्या तक्त्यात अनेकदा नसतेच.

८/१०
व्हर्च्युअलायझेशनला खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच्यावाचून कित्येक लहान योजनांना स्वतःचा सर्व्हर लाभलाच नसता. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कितीजणांची तलाठ्याकडची खेप वाचवतो. शिवाय डोंगराळ पाड्यांत मोबाइलची रेंज नसणे हेही खरे कारण असू शकते. परंतु दोष रेंजचा की सर्व्हरचा, हे ठरवायला मोजमाप पाड्याजवळच्या शेवटच्या खिडकीवर व्हायला हवे. डेटा सेंटरच्या दारात ते थांबले, तर दोन्ही दोष एकमेकांच्या आड लपतात.

९/१०
म्हणून उपायही तिथूनच सुरू व्हावेत. क्षमता सरासरीवर न आखता मुदतीच्या दिवसावर आखावी. अंतिम तारखा जिल्हावार पुढेमागे ठेवाव्यात; हा उपाय जवळजवळ फुकटचा आहे. शंभरांतल्या पंचाण्णव माणसांचे काम किती वेळात झाले, हा आकडा तालुकावार जाहीर व्हावा आणि कंत्राटाच्या अटींतही असावा. आणि यंत्र गप्प झाले, तर वहीतल्या नोंदीवर धान्य मिळण्याची सोय असावी.

१०/१०
हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९४५ मध्ये तलासरीतील झरी गावी वारली एकत्र आले, गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या, आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. वारल्याचा दिवस फुकटचा नाही, हे त्या लढ्याने सावकार-जमीनदारांना बजावले. आजचा सर्व्हर कोणावर वेठ लादत नाही. पण ‘उद्या या’ म्हणताना तो एका दिवसाची मजुरी बुडवतो, आणि ती कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. यंत्राचा रिकामा वेळ वाचवण्यासाठी मजुराचा भरलेला दिवस खर्ची पडत असेल, तर त्या नियोजनाला काटकसर म्हणता येत नाही. तो खर्च फक्त दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला असतो.