विहीर कुठे आहे?

फोटो काढताना आपली सगळी धडपड असते ती नको ते चौकटीबाहेर ठेवण्याची. विजेची तार नको, कुणाची स्कूटर नको, शेजारची उंच इमारत तर नकोच नको. बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये मीही तेच केले आणि सपशेल फसलो.

व्हाइटफील्ड म्हटले की डोळ्यांसमोर येतात कॉम्प्युटर कंपन्या. आपल्यापैकी अनेकांचा एखादा भाचा-पुतण्या तिथे नोकरीला असतोच! पण हे गाव मुळात वसले ते शेतीसाठी. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला ३,९०० एकर जमीन दिली. पुढाकार डी. एस. व्हाइट यांचा, म्हणून गावाला त्यांचेच नाव. नोकरीच्या भरवशावर जगणाऱ्या या समाजाने स्वत:च्या मातीत पाय रोवावेत, अशी ती कल्पना. गावाची आखणी गोलाकार केली. तो भाग आजही 'इनर सर्कल' म्हणून ओळखला जातो. १९०७ पर्यंत इथे ४५ कुटुंबे, १३० माणसे राहत होती. १८८६ चे मेमोरियल चर्च अजून उभे आहे. जुनी घरे मात्र थोडीच उरली आहेत आणि २०२३ मध्ये मेट्रोही येऊन पोहोचली.

अशाच एका घराचे फोटो मी भल्या सकाळी, कोवळ्या उन्हात काढले. आधी मालकिणीची परवानगी घेतली (ही पहिली पायरी, मंडळी! कुंपणावरून लेन्स आत घालणे बरे नव्हे). कौले, व्हरांडा, झाडांची सावली... मागचा काचेचा टॉवर दिसू नये म्हणून तर अक्षरश: गुडघ्यांवर बसलो. प्रिंट्स घेऊन गेलो तेव्हा ऐंशीच्या घरातल्या त्या आंटींनी एकेक फोटो उलटून पाहिला. म्हणाल्या, "छान आहेत. पण विहीर कुठे आहे?"

विहीर एका कोपऱ्यात होती, पत्र्याने झाकलेली. मला ती कुरूप वाटली होती. पण त्या विहिरीवरच तर त्यांच्या आजोबांची बाग पिकत होती! घर तेवढे सुरेख आले होते. शेताचा मात्र मागमूस नव्हता.

मग आठवला जॉर्ज एडवर्ड अँडरसन. अमेरिकेतल्या युटाचा हा छायाचित्रकार १९०७ मध्ये काचेच्या प्लेटा घेऊन मॉर्मन पंथाच्या आरंभाशी जोडलेल्या जागा टिपत फिरला. न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायराजवळचे जोसेफ स्मिथ यांच्या कुटुंबाचे शेत त्यात होते. पण त्याने तिथली राई टिपली, जवळची टेकडीही टिपली. म्हणूनच शंभरावर वर्षांनी तो परिसर कसा होता ते कळते.

मी पुन्हा गेलो. या वेळी दुपारी. ऊन कडक, पण सगळे लख्ख दिसत होते. गच्चीवर चढून एकाच चौकटीत विहीर, घर, जुने कुंपण आणि मागचा टॉवरही घेतला. प्रत्येक प्रिंटमागे तारीख, जागा आणि कॅमेऱ्याचे तोंड कुठल्या दिशेला होते तेही पेन्सिलीने लिहिले.

आंटींनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. मग विहिरीजवळच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे पेरूचे झाड होते. याची आणखी एक प्रत दे. मुलाला ऑस्ट्रेलियाला पाठवते."